आईचा ताप बाळाच्या कागदावर लिहा : बाळंतपणाच्या तोंडावरचा डेंग्यू

डेंग्यू डास चावल्याने होतो. रुग्णाला हात लावल्याने किंवा त्याच्यासोबत जेवल्याने होत नाही. हे आपण शाळेच्या भिंतीवरच्या फलकापासून आजपर्यंत वाचत आलो आहोत आणि ते खरेच आहे. पण या नियमाला एक अपवाद आहे आणि तो वस्तीत काम करणाऱ्या आपल्या तरुणांना सहसा कुणी सांगितलेला नसतो. बाळंतपण तोंडावर आले असताना आईला डेंग्यू झाला, तर तिच्या रक्तातला विषाणू वारेतून बाळाच्या रक्तात जाऊ शकतो. बाळाला एकही डास चावलेला नसतो. ते जन्मते तेव्हा अनेकदा ठणठणीत दिसते. आणि घरी आल्यावर, बारशाची तयारी चाललेली असताना, तापाने फणफणते.

असे रोज घडत नाही. घाबरवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. लिहायचे कारण वेगळे आहे. अशा बाळाचा आजार ओळखायला जी माहिती सर्वात जास्त उपयोगी पडते ती कुठल्या महागड्या यंत्रात नसते. ती आईच्या केसपेपरवरच्या एका ओळीत असते आणि ती ओळ बाळाच्या डॉक्टरपर्यंत पोहोचतच नाही. हे काम कार्यकर्ता करू शकतो.

आधी हे घडते कसे ते पाहू. १९९७ साली मलेशियातील डॉक्टरांनी दोन मातांची नोंद प्रसिद्ध केली. एकीला बाळंतपणाच्या चार दिवस आधी आणि दुसरीला आठ दिवस आधी डेंग्यू झाला होता. पहिलीचा आजार गंभीर होता. तिच्या मुलाला जन्मतःच श्वासाचा त्रास होता, मेंदूत मोठा रक्तस्राव झाला आणि सहाव्या दिवशी ते गेले. त्याच्या रक्तात डेंग्यूचा विषाणू मिळाला. दुसरीचा आजार सौम्य होता. तिच्या मुलीच्या प्लेटलेट कमी झाल्या, पण ती सुखरूप बरी झाली. एकाच अहवालातली ही दोन बाळे या विषयाची दोन टोके आहेत. बहुतेक बाळे या दोन टोकांच्या मध्ये असतात आणि वेळेवर लक्ष गेले तर दुसऱ्या टोकाकडे असतात.

थायलंडमधील डॉक्टरांनी २००४ मध्ये तोवर नोंदलेल्या १७ माय-लेकरांच्या जोड्यांचा आढावा घेतला. बाळांना ताप आला तो वयाच्या पहिल्या ते अकराव्या दिवसाच्या दरम्यान, सरासरीने चौथ्या दिवशी. आईला ताप चढल्यापासून बाळाला ताप चढेपर्यंत पाच ते तेरा दिवस गेले, सरासरीने सात. हे दोन आकडे प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावेत. चौथा दिवस म्हणजे काय? सरकारी दवाखान्यात साधे बाळंतपण झाले तर आईला साधारण दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. म्हणजे बाळ आजारी पडते ते दवाखान्याचे दार ओलांडल्यावर.

किती मातांच्या बाळांना असे होते, याचे एकच उत्तर नाही. क्वालालंपूरमध्ये बाळंतपणासाठी आलेल्या सरसकट महिलांचे रक्त तपासले, तेव्हा अलीकडेच डेंग्यू होऊन गेल्याची खूण असलेल्या मातांपैकी सुमारे १.६ टक्के मातांच्याच बाळांत संसर्ग आढळला. उलट दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामध्ये गरोदरपणी प्रत्यक्ष डेंग्यूने आजारी पडलेल्या महिलांचा पाठपुरावा केला, तेव्हा हे प्रमाण १८ ते २३ टक्क्यांच्या घरात निघाले. एवढी तफावत का? कारण पहिल्या अभ्यासात बऱ्याच जणींना आपल्याला डेंग्यू होऊन गेला हे कळलेही नसणार. दुसऱ्यात त्या अंथरुणावर होत्या. सर्वात मोठा फरक पडतो तो वेळेचा.

डेंग्यूचा विषाणू आईच्या रक्तात ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत भरपूर असतो. त्याच सुमारास तिचे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करू लागते. त्यांतली आयजीजी जातीची प्रतिद्रव्ये वारेतून बाळाकडे जातात आणि त्याचे रक्षण करतात. म्हणजे ही एक शर्यत असते. आईला ताप बाळंतपणाच्या महिनाभर आधी येऊन गेला असेल, तर जन्मापर्यंत विषाणू संपलेला असतो आणि बाळाला तिच्याकडून प्रतिद्रव्यांची शिदोरी मिळालेली असते. पण ताप शेवटच्या आठ-दहा दिवसांत आला, तर विषाणू आधी पोहोचतो आणि शिदोरी बांधायच्या आतच बाळ बाहेर येते. कळा आणि ताप एकत्र आले तर धोका सर्वाधिक. म्हणून बाळंतपणापूर्वीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन दिवस या मुदतीत आईला ताप आला का, हा प्रश्न महत्त्वाचा. नंतरचे दोन दिवस का, असे कुणी विचारेल. कारण ताप नंतर चढला तरी विषाणू त्याआधीच रक्तात आलेला असतो.

आता एक साधा हिशेब. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण चार ते दहा दिवस लागतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बाळ डेंग्यूने आजारी पडले, तर तो जन्मानंतर चावलेल्या डासाचा प्रताप असू शकत नाही. तो आईकडूनच आलेला असतो. "दवाखान्यात डास होते म्हणून झाले" असे म्हणून वाद घालण्याआधी तारखा मोजाव्यात. डास दवाखान्यात असतातच, त्याबद्दल जरूर भांडावे, पण ते वेगळे भांडण आहे.

बाळात काय दिसते?

इथेच खरी अडचण आहे. मोठ्या माणसाला डेंग्यू झाला तर तो सांगतो की अंग मोडून आले, डोळ्यांच्या मागे ठणकते. नवजात बाळ काही सांगत नाही. ते दूध नीट ओढत नाही, सुस्त पडते, ताप येतो, कातडीवर पिसवा चावल्यासारखे बारीक लाल ठिपके दिसतात, यकृत वाढून पोट फुगते. आणि ताप आलाच पाहिजे असेही नाही. काही बाळांत नुसत्या प्लेटलेट घसरतात. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली गेल्या की नवजात बाळातही कमीच समजायच्या.

ही सगळी लक्षणे नवजात बाळाच्या जंतुसंसर्गातही अशीच दिसतात. तो आजार डेंग्यूपेक्षा कितीतरी जास्त बाळांना होतो आणि उपचार लांबले तर जीव घेतो. त्यामुळे बालरोगतज्ज्ञ आधी त्याचाच विचार करून प्रतिजैविके सुरू करतात. त्यात त्यांचे चुकत नाही आणि ती औषधे बंद करा असा आग्रह कुणी धरू नये. अडचण अशी की प्रतिजैविकाचा विषाणूवर परिणाम होत नाही आणि डेंग्यू डोक्यात नसेल तर दोन गोष्टी सुटतात. प्लेटलेट आणि रक्ताचा दाटपणा वारंवार तपासत राहणे ही एक. शिरेतून द्यायचे पाणी अगदी मापात ठेवणे ही दुसरी. डेंग्यूत पाणी कमी पडले तर बाळ शॉकमध्ये जाते आणि जास्त झाले तर ते फुप्फुसात साचते. तीन किलोच्या जिवात चूक करायला जागा किती असते?

डेंग्यूचे खास औषध मोठ्यांसाठीही नाही आणि बाळांसाठीही नाही. लक्ष ठेवणे हाच उपचार आहे. म्हणून आधी संशय यायला हवा आणि संशय यायला आईच्या तापाची माहिती हवी.

ती का पोहोचत नाही, हे दवाखान्यात दोन दिवस बसलेल्या कुणालाही कळेल. आईला ताप आला तेव्हा तिने गल्लीतल्या डॉक्टरकडून गोळ्या घेतल्या; त्याची चिठ्ठी चुलीपाशी पडली आहे. बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात झाले. बाळ आजारी पडल्यावर त्याला शहरात नेले, तेव्हा आई घरी अंथरुणावर होती. बाळासोबत गेले बाप, आजी आणि एक शेजारी. नवा केसपेपर निघाला, त्यावर नाव 'बेबी ऑफ' अमुक. डॉक्टरांनी विचारले, आईला काही आजार होता का? बाप म्हणाला, काही नाही, थोडी कणकण होती, ती उतरली. या 'कणकणी'पाशीच धागा तुटतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की हा धागा आपण जोडावा. आपल्या ओळखीत कुणाची बाई नवव्या महिन्यात असेल आणि तिला ताप आला, तर तारीख लिहून ठेवायची. माता-बाल संरक्षण कार्ड प्रत्येकीकडे असते. त्यावर डॉक्टर किंवा सिस्टरकडून ठळक अक्षरात लिहून घ्यायचे: ताप कोणत्या तारखेला आला, डेंग्यूची कोणती चाचणी केली, निकाल काय, प्लेटलेट किती. बाळाच्या डिस्चार्ज कार्डावरही तीच ओळ यायला हवी. बाळ दुसरीकडे न्यायचे झाले तर कार्डाचा फोटो बापाच्या मोबाइलमध्ये असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या डेंग्यू मार्गदर्शिकेतही सांगितले आहे की बाळंतपणाच्या आधी नुकताच किंवा बाळंतपणात आईला डेंग्यू असेल, तर बाळाला रुग्णालयात ठेवून त्याच्यावर बारकाईने लक्ष ठेवावे. घरी सोडायची घाई होत असेल तर हे नम्रपणे पण ठामपणे सांगता येते.

शासनाने यासाठी एक वाट आधीच आखून ठेवली आहे, फक्त ती या कामाला वापरली जात नाही. नवजात बाळाच्या गृहभेटींच्या कार्यक्रमात आशाताईने दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन पाहायचे असते. तिच्याकडे थर्मामीटर आणि वजनकाटा असतो. तिसरा आणि सातवा दिवस! आईकडून आलेला डेंग्यू ज्या काळात डोके वर काढतो, नेमक्या त्याच काळातल्या या भेटी आहेत. आशाताईला आईच्या तापाची तारीख माहीत असेल, तर काखेतले तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर दिसताच ती "ऊन आहे, कपडे कमी करा" असे म्हणून निघून जाणार नाही. मानधनासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करणाऱ्या या बायांवर आणखी एक काम लादा, असे आम्ही म्हणत नाही. तिला फक्त ही एक तारीख सांगायची आहे.

तपासणीबद्दल थोडे

ताप आल्यापासून पहिल्या पाच दिवसांत एनएस१ ही चाचणी उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम. नवजात बाळाच्या बाबतीत यात एक मेख आहे. आईची आयजीजी प्रतिद्रव्ये वारेतून जातात, म्हणून बाळाच्या रक्तात आयजीजी सापडली तर ती आईची असू शकते. त्यावरून बाळाला डेंग्यू झाला असे ठरत नाही. आयजीएम मात्र वार ओलांडत नाही. ती बाळात सापडली तर बाळाच्या स्वतःच्या शरीराने तयार केलेली असते. पण ती तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवसांत चाचणी निगेटिव्ह आली तरी संशय सोडायचा नसतो. अशा वेळी एनएस१ किंवा पीसीआर करतात.

सरकारी दप्तरात पक्का रुग्ण धरला जातो तो एलायझा पद्धतीच्या चाचणीवर, पट्टीच्या झटपट चाचणीवर नव्हे. एलायझा ठरावीक सरकारी रुग्णालयांत मोफत होते आणि तिचे आयजीएम किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होतात. खासगी दवाखान्यात पट्टीवर निघालेले दहा रुग्ण त्यामुळे 'संशयित' राहतात, आणि मग नगरपालिका म्हणते की तुमच्या वस्तीत डेंग्यू नाहीच. म्हणून रक्ताचा नमुना सरकारी केंद्रात पोहोचवणे हे रुग्णासाठी जितके महत्त्वाचे, तितकेच वस्तीसाठीही आहे.

आईकडे दुर्लक्ष नको

बाळाच्या काळजीत आई विसरली जाते. गरोदरपणात रक्त मुळातच पातळ होते, नाडी जलद चालते, रक्तदाब थोडा उतरतो. त्यामुळे डेंग्यूत रक्त दाट होण्याची जी धोक्याची खूण असते ती तिच्यात झाकली जाते. पोटात जोरात दुखले तर घरचे म्हणतात कळा सुरू झाल्या. ती डेंग्यूची धोक्याची खूणही असू शकते. आणि सर्वात मोठी फसगत ताप उतरल्यावर होते. डेंग्यूत ताप उतरतो त्या सुमाराचे २४ ते ४८ तासच घातक असतात. सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा अंगावरून रक्त, पराकोटीचा थकवा, अस्वस्थपणा यांपैकी काहीही दिसले, तर ताप नसला तरी मोठ्या रुग्णालयात न्यायचे. तापासाठी पॅरासिटामॉलच, अंगदुखीवर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो.

याच घातक काळात बाळंतपण आले तर डॉक्टर शक्य तेवढे ते पुढे ढकलायचा प्रयत्न करतात. कळा सुरूच झाल्या असतील, तर जिथे रक्तपेढी आणि नवजात बाळांचा विशेष कक्ष आहे तिथेच बाळंतपण व्हावे. प्लेटलेट कधी द्यायच्या हे डॉक्टर ठरवतील. नुसता आकडा पाहून नातेवाइकांनी पिशव्यांचा हट्ट धरू नये.

आपली मंडळे १४ एप्रिलला रक्तदान शिबिरे घेतात. त्यातून मोठे काम होते. पण प्लेटलेटची पिशवी जेमतेम पाच दिवस टिकते आणि लाल रक्तपेशी पाच-सहा आठवडे. एप्रिलमध्ये दिलेले रक्त सप्टेंबरच्या डेंग्यूला उपयोगी पडत नाही. जुलै ते नोव्हेंबर या काळासाठी गटवार रक्तदात्यांची, फोन केला की तासाभरात येणाऱ्या माणसांची, यादी करून ठेवली तर ती शिबिराइतकीच मोलाची ठरेल.

खर्चाचा प्रश्न येतो तेव्हा २०११ पासून चालू असलेला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आठवावा. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि वाहन हे सर्व आईसाठी मोफत आहे. आजारी नवजात बाळालाही हाच हक्क आहे. सुरुवातीला ३० दिवसांपर्यंत असलेली मुदत पुढे वर्षापर्यंत वाढवण्यात आली. रक्ताच्या पिशवीसाठी किंवा बाहेरच्या तपासणीसाठी कुणी पैसे मागितले, तर या कार्यक्रमाचे नाव घेऊन वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते.

दूध पाजायचे की नाही, हा प्रश्न हमखास निघतो. न्यू कॅलेडोनियातील डॉक्टरांना डेंग्यू झालेल्या मातांच्या दुधात विषाणूचे अंश सापडले आहेत, हे खरे आहे. तरीही दूध तोडावे असा सल्ला नाही. पहिला चीक आणि आईचे दूध यातून बाळाला मिळणारे संरक्षण या शंकेपेक्षा फार मोठे आहे, आणि वरच्या दुधाच्या बाटलीने होणारी हगवण आपल्या वस्त्यांना चांगली ठाऊक आहे. आई फारच आजारी असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने द्यावे. पपईच्या पानांचा रस, शेळीचे दूध, मधाचे बोट यांतले काहीही नवजात बाळाच्या ओठांना लागता कामा नये. गरोदर बाईलाही पपईच्या पानांचा रस देऊ नये. डेंग्यूच्या साथीत तो विकणारे कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहतात, ही गोष्ट वेगळी.

राहिला डास. एडिस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्य मावळण्याआधी, आणि स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नळ येणाऱ्या वस्तीत पिंप भरून ठेवावेच लागते. त्याबद्दल बायांना बोल लावणाऱ्यांनी आधी पाणी रोज सोडावे. पण पिंप आहे तर त्याला कापड घट्ट बांधता येते, आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून आतल्या कडा घासता येतात. घासणे महत्त्वाचे. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. नुसते पाणी ओतून दिल्याने जात नाहीत. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस. धुराची गाडी फिरून गेली की उडते डास मरतात, पिंपातल्या अळ्या तशाच राहतात. हाच डास झिका पसरवतो, आणि २०२४ मध्ये पुण्यात झिका झालेल्यांत गरोदर महिलाही होत्या.

बाळंतिणीची खोली बहुतेक घरांत सर्वात अंधारी असते, दार-खिडक्या बंद, आणि जागा नसल्याने पाण्याचे पिंपही तिथेच. एडिसला याहून सोयीचे घर नाही. तापलेल्या आईला चावलेला डास साधारण आठ ते बारा दिवसांनी दुसऱ्याला डेंग्यू देऊ लागतो, आणि त्या वेळी त्याच खोलीत बाळ झोपलेले असते. म्हणून मच्छरदाणी दिवसाही लावायची, आईवर आणि बाळावर दोघांवर, आणि ते पिंप त्या खोलीतून आजच बाहेर काढायचे.